किल्लीबरोबर जायचं

उद्यमनगरात आमची फाउंड्री,
आणि फाउंड्रीच्या माडीवर माझं टेबल.
काचेखाली गेल्या सालचं सुट्ट्यांचं पत्रक,
बेअरिंगवाल्याचं कार्ड,
आणि एका चिठ्ठीवर, निळ्या शाईत, पासवर्ड.
चहा आणणाऱ्या पोरापासून ऑडिटरपर्यंत
सगळ्यांनी तो कधी ना कधी वाचलेला.

चिठ्ठी फाडली ती रियाज मुजावरने.
प्रिंटर बघायला आला होता,
माझ्यादेखत तिचे चार तुकडे केले.
"आता नुसत्या शब्दावर भागायचं नाही, मॅडम.
शब्दानंतर तुमचा फोन विचारणार.
तुम्ही होय म्हटलं तरच दार."
भूपालअण्णा खालून वर आले, कोपरापर्यंत काळी वाळू:
"एका दाराला दोन कुलपं?
आपण काय सोनं ओततोय व्हय रं? बीडच की!"

मी हसले.
मग वडील आठवले.

गंगावेशेत, दूधकट्ट्याच्या अलीकडे,
ते पतसंस्थेत कॅशियर.
तिजोरीला दोन किल्ल्या,
एक मॅनेजरकडे, एक यांच्या करदोट्याला.
पहिली फिरली की नुसतं कट्ट वाजायचं,
दुसरीशिवाय दार जागचं हलायचं नाही.
धाकट्या आत्याच्या लग्नात
मसालेभाताचा पहिला घास उचलला
आणि सायकलवरून शिपाई आला, घामाघूम:
साहेबांनी किल्ली मागितलीय.
वडील उठले, हात धुतला,
शिपायाच्या कॅरियरवर बसून निघून गेले.
आई चिडली. काढून द्यायची की हातात!
परत आल्यावर ते एवढंच म्हणाले,
"किल्ली द्यायची नसते. किल्लीबरोबर जायचं असतं."
आणि गार भात जेवले.

आठ तारखेची रात्र.
पावणेतीनला उशीखाली फोन थरथरला.
तुम्हीच आत येताय का?
होय. नाही.
मी तर अंथरुणात.
नाही दाबलं, कूस बदलली.
परत.
परत नाही.
तिसऱ्यांदा. चौथ्यांदा.
त्याला ठाऊक असणार,
माणूस कशाला नाही तरी झोपेला हरतो.
पाचव्या वेळी माझा अंगठा होयवर गेलाच होता,
एकदाचं गप्प बसेल म्हणून.
तेवढ्यात डोक्यात लख्ख झालं:
फोन विचारतोय, म्हणजे
शब्द त्याने बरोबर टाकलाय.

माझा शब्द म्हणजे
माझ्या मुलीचं नाव, पुढे तिचं जन्मसाल,
शेवटी उद्गारचिन्ह
(ते मी फार हुशारीने घातलं होतं).
कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी खोलीत
एक अनोळखी माणूस मध्यरात्री पाच वेळा
माझ्या मुलीचं नाव लिहीत होता.
ती शेजारी झोपलेली, तोंड उघडं,
एक पाय माझ्या पोटावर.

मी नाही दाबलं.
पाय हळूच बाजूला केला, दिवा लावला,
रियाजला उठवलं.
तो जांभया देत देत सांगत गेला,
मी बदलत गेले. साडेतीन वाजले.
मग झोप आलीच नाही,
शिरोलीच्या बाजूने ट्रक जात राहिले.

सकाळी अण्णांना सांगितलं.
ते काही बोलले नाहीत,
बेसिनवर जाऊन बराच वेळ हात धुतले.
"पगाराचे पैसे?"
"आहेत."
एकशे बारा माणसांचे.
खिशातून फोन काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला,
काचेवर वाळूचे चार कण.
"माझ्यात पण बसवा त्ये.
पर रातचं मला उठवू नको म्हणावं."
मग स्वतःच म्हणाले,
"न्हाई, उठवू दे."

दहा तारखेला पगार जमा झाले.
खाली भट्टीपाशी बाबासो, इलाही, पिराजी
मोबाईल बघून खिशात घालत होते,
कुणी वर बघितलंसुद्धा नाही.

नवा शब्द मी कुठे लिहिलेला नाही,
काचेखाली नाही, इथेही नाही.
एवढं सांगते,
त्यात माझ्या घरातलं कुणी नाही.